चौथा गडी हवाय

…आणि तो पिवळा बेडूक गच्चीच्या कठड्यावरून घसरून खाली गेला, तशा वहिनी ओरडल्या, "अरे मेल्या!"

काल इथवर सांगितलं आणि आमच्या हिनं जेवायला हाक मारली. गरम ताट आणि गरम गोष्ट यांत आमच्या घरी ताटच जिंकतं. आज पुढचं सांगतो. पण काल जे नव्हते त्यांच्यासाठी जरा मागं जाऊन येतो. गोष्ट काही बस नव्हे, उशिरा आलेल्यालाही चढू द्यावं.

वहिनी म्हणजे आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या चावीवाल्याची बायको. पुढं दुकान, मागं एक खोली आणि स्वयंपाकघर. दुकानात भिंतभर खिळ्यांना कोऱ्या चाव्या टांगलेल्या, चावी कापायचं यंत्र, खाली पितळेचा भुसा आणि कोपऱ्यात वहिनींचं स्टूल. चावीवाला कमी बोलणारा. किती कमी? गिऱ्हाइकानं "किती वेळ लागेल?" म्हणून विचारलं तर तो हातातली कानस वर करून दाखवायचा. तिचा अर्थ वहिनी सांगायच्या. "अर्धा तास म्हणतायत. तुम्ही चहा पिऊन या, म्हणजे पाऊण तास झाला तरी तुम्हाला कळायचं नाही." तो कुलपं उघडायचा, वहिनी माणसं उघडायच्या. कुणाची किल्ली कशी हरवली हे विचारता विचारता त्यांना त्याची सासू, त्याचा साहेब आणि त्याची गुडघेदुखी सगळं कळलेलं असायचं.

आणि भांडण! दोघं रोज भांडायची. विषय कसलाही चालायचा. खिडकी उघडी ठेवायची की लावायची, टॉवेल कुणी ओला ठेवला, शेजारची मांजर काळी की करडी. वहिनी शंभर वाक्यं बोलायच्या, चावीवाला एक बोलायचा, आणि त्या एकावर वहिनी पुन्हा शंभर. वर आमच्या खिडकीत सगळं ऐकू यायचं. आमची ही म्हणायची, "लागला बाई त्यांचा रेडिओ."

मग एका सकाळी रेडिओ बंद पडला. वहिनींना झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा झाला आणि वाचा गेली. समजायचं त्यांना सगळं. हसायच्या, रडायच्या, मानेनं हो-नाही म्हणायच्या. बोलायला तोंड उघडलं की मात्र ओठ शब्द शोधायला जायचे आणि रिकाम्या हातानं परत यायचे. बोलायला शिकवणारी एक बाई यायची. पेल्यातल्या पाण्याचं चित्र दाखवून म्हणायची, "हे काय? पा… पा…" वहिनी घामाघूम व्हायच्या. 'पा' काही निघायचा नाही.

चावीवाला दुकानात बसून एकच चावी घासत राहायचा, घासून घासून तिला दात म्हणून उरायचा नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जे परत यायचं ते लवकर येतं, पुढं पुढं अवघड होत जातं. ते वाक्य त्याच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलेलं. दिवस मावळला की तो बोटं मोजायचा, आणखी एक दिवस गेला म्हणून. एकदा मला म्हणाला, "आजोबा, आतून कडी लागलीय. चावी घालायला बाहेरून भोकच नाही." आमची सगळी इमारत मला आजोबाच म्हणते, साठी उलटलेला चावीवालासुद्धा.

तेवढ्यात त्यांची मुलगी सुट्टीला आली. ती दूरदेशी असते. तिच्याबरोबर तिची दोन पोरं आली आणि पोरांबरोबर तो खेळ आला.

आता खेळाचं सांगतो. त्याचं खरं नाव परक्या भाषेत आहे, ते उच्चारताना माझी कवळी सैल होते. आम्ही त्याला धिंगाणा म्हणतो. टीव्हीवर एक पडकं शहर दिसतं. त्याच्या गच्च्यांवरून चार जनावरं पळत असतात. बेडूक, डुक्कर, बोका आणि कोंबडी. चौघांनी एकाच खोलीत, एकाच टीव्हीसमोर बसायचं आणि ज्यानं त्यानं आपापलं जनावर सांभाळायचं. मागून शहर कोसळत येतं, म्हणून पुढं पळायचं. पळता पळता दुसऱ्याला हातोडा हाणायचा, बॉम्ब फेकायचा, ढकलून द्यायचं. जो शेवटपर्यंत उरतो त्याच्या डोक्यावर मुकुट. हातात धरायचं जे यंत्र असतं त्याला पोरं कंट्रोलर म्हणतात. आमची इस्त्रीवाली त्याला खेकडा म्हणते, आणि तुम्ही बघाल तर तुम्हीही तेच म्हणाल.

पोरांना चौथा गडी हवा होता. आई स्वयंपाकात, त्यांचा खरा आजोबा, म्हणजे चावीवाला, दुकानात. मी आयताच सापडलो, तो तिसरा. चौथी म्हणून त्यांनी आजीच्या मांडीवर खेकडा ठेवून दिला. तिच्या डाव्या हाताला जमेल की नाही, याचा विचार पोरं करत नाहीत आणि तेच बरं. वहिनींचा बेडूक दोन उड्या मारतो न मारतो, माझ्या बोक्यानं मागून हातोडा घातला. चुकून बरं का. मला वाटलं मी कोंबडी आहे. आणि बेडूक गेला खाली.

"अरे मेल्या!"

स्वच्छ, खणखणीत. रेडिओ लागला होता. मुलगी पीठ लागलेल्या हातांनी दारात आली आणि दाराला धरून रडायला लागली. दुकानाच्या बाजूच्या दारात चावीवाला उभा, कानस हातात. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. तो पोरांना म्हणाला, "पुन्हा. पुन्हा पाडा तिला."

शिकवणाऱ्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, असं होतं. ठरवून बोलायचा रस्ता वेगळा आणि रागानं, दचकून तोंडातून निसटायचा रस्ता वेगळा. पहिला बंद असला तरी दुसरा कधी कधी उघडा राहतो. मला हे लगेच पटलं. गावच्या शाळेत माझ्या शेजारी एक तोतरा बसायचा. मास्तरांनी नाव विचारलं की पहिल्या अक्षरावरच त्याची गाडी रुतायची. मधल्या सुट्टीत त्याला कुणी ढकललं की अशी अखंड शिवी द्यायचा की ऐकणाऱ्यानं वही काढून लिहून घ्यावी. मास्तर म्हणायचे, "नाव सांग, नाहीतर निदान शिवी तरी दे, म्हणजे हजेरी लावतो." आम्ही हसायचो. तोही हसायचा. असो.

मुलगी पोरांना घेऊन परत गेली, खेळ मागं ठेवून गेली. आणि इथं चावीवाल्याचे हाल सुरू झाले.

मी या खेळाचे गुण जाणतो तसे अवगुणही जाणतो. पहिला अवगुण म्हणजे हा खेळ लांबून खेळता येत नाही. मुलगी तिकडून म्हणाली, "बाबा, मी इथून खेळते आईशी." पण धिंगाण्यात तशी सोयच नाही. माणूस खोलीत हवा. दुसरा अवगुण, गडी कमी पडले तर यंत्र स्वतःच जनावरं घालतं, पण यंत्राचं जनावर म्हणजे नुसता सरकारी नोकर. नेमून दिलेली उडी मारणार, कुणाला मुद्दाम छळणार नाही, पडलं तर बोंबलणार नाही. चावीवाल्यानं यंत्राची दोन जनावरं घेऊन वहिनींबरोबर खेळून पाहिलं. खोलीत चिडीचूप. वहिनींच्या तोंडून हूं नाही की चूं नाही. धिंगाणा त्या डबीत नसतोच मुळी, तो माणसं बरोबर घेऊन येतात. हा मी त्याचा मोठा गुण समजतो. पण ज्याच्या घरी माणसंच नाहीत त्यानं काय करावं?

त्यानं माणसं गोळा करायला सुरुवात केली. ज्या माणसानं आयुष्यात कुणाला "बसा" म्हटलं नव्हतं, तो संध्याकाळी जिन्यात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायला लागला. "थोडा वेळ आहे का? चौथा गडी हवाय." तिसरा मी कायमचा होतो. मला तर काय, म्हातारपणी कायदेशीर हाणामारी करायला मिळत होती! आमची ही म्हणायची, "जा, दोन तास घरात शांतता." पण चौथा टिकेना. न्हावी आला, त्याला डोळ्यांपुढं चारही जनावरं एकच दिसायची. स्वतःलाच बॉम्ब मारून घ्यायचा आणि शेवटी चिडून निघून गेला. हा तिसरा अवगुण, पडद्यावर इतका गोंधळ की आपण कोण ते आपल्यालाच कळत नाही. पोस्टातला एक जण आला, तो जिंकायलाच यायचा. सगळ्यांना एका दमात झोपवून मुकुट घालून बसायचा. त्याला चावीवाल्यानंच हात जोडून निरोप दिला.

मग त्यानं शक्कल काढली. दाराला कुलूप लागलं आणि किल्ली आत राहिली, असे लोक त्याला बोलावतात. तो जायचा, कुलूप उघडायचा आणि म्हणायचा, "पैसे नकोत. संध्याकाळी अर्धा तास खेळायला या." लोक चक्रावायचे. पण उपकाराखाली दबलेला माणूस नाही म्हणत नाही. एक बँकेतले साहेब दुधाची पिशवी मांडीवर ठेवून खेळले. एक नवी नवरी आली, नवऱ्याला बाहेर स्टुलावर बसवून आत कोंबडी होऊन तिनं आम्हा सगळ्यांना लोळवलं. वहिनींच्या तोंडून नवे शब्द निघायला लागले. "पळ." "सरक." "नको नको नको." एकदा तर "मुडद्या" निघालं. चावीवाला रात्री झोपताना ते शब्द मनात पुन्हा पुन्हा म्हणायचा, असं त्यानं मला सांगितलं.

शेवटी पक्की चौथी मिळाली ती इस्त्रीवाली. तिचं टेबल आमच्या जिन्याखाली. दिवसभर उभी राहून काम करते, म्हणून खेळतेही उभ्यानंच. जीभ तिच्या इस्त्रीइतकीच गरम. "आजोबा, बाजूला व्हा, तुमचा बोका मेला तरी तुम्ही बटणं काय दाबताय!" "दादा, चाव्या बनवता की शेंगा सोलता? उडी मारा की!" वहिनींना ती ताई म्हणायची आणि सगळ्यात जास्त हाणायची. आजारी म्हणून सवलत नाही. वहिनींना हे फार आवडायचं.

बसण्याची आमची रीत ठरून गेली. वहिनी हातांच्या खुर्चीत, उजव्या हाताखाली उशी. शेजारी पलंगाच्या कडेला चावीवाला, त्याच्या पलीकडे मी, मागं इस्त्रीवाली. उडीचं बटण उजव्या अंगठ्याखाली येतं आणि वहिनींना तिथं डावाच अंगठा न्यावा लागायचा, तो उशिरा पोचायचा. म्हणून दर डावात पहिला बेडूक पडायचा. आणि हा खेळाचा सगळ्यात वाईट अवगुण. जो पडला त्यानं डाव संपेपर्यंत नुसतं बघत बसायचं. बाकीचे ओरडतायत, पळतायत, आणि आपण खेकडा मांडीवर घेऊन बसलोय.

माझ्या लक्षात एक गोष्ट यायची. बेडूक पडला की मागोमाग चावीवाल्याचं डुक्कर पडायचं. दर डावात. मी त्याची खूप टिंगल करायचो. "अरे, अंधारात नुसत्या बोटांनी कुलपं उघडतोस आणि तुला एक डुक्कर सांभाळता येत नाही?" एके दिवशी जिन्यात इस्त्रीवाली मला म्हणाली, "आजोबा, तुमचा चष्मा बदला. दादांचं डुक्कर पडत नाही. ते उडी मारतं."

मी दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन त्याला धरलं. आधी त्यानं कानस वर केली. मी म्हटलं, "कानशीचा अर्थ सांगणारी आत बसलीय, मला शब्दांत सांग." तेव्हा म्हणाला, "ती पडते आणि मग तिचा चेहरा दवाखान्यातल्यासारखा होतो. सगळे पुढं गेले आणि आपण मागं राहिलो, तसा. मला बघवत नाही. मी पडलो की निदान दोघं तरी असतो." म्हणून तो बेडकाच्या मागून खाली उडी मारायचा आणि दोघं नवरा-बायको मांडीवर खेकडे घेऊन शेजारी शेजारी बसायची. वर माझा बोका आणि इस्त्रीवालीची कोंबडी एकमेकांची डोकी फोडत असायची. ही गोष्ट वहिनींना सांगायची नाही, अशी त्यानं मला शपथ घातली.

पण खरी चिंता वेगळीच होती. वहिनी ओरडायच्या ते टीव्ही चालू असेपर्यंत. टीव्ही बंद झाला की तोंड बंद. "मुडद्या" म्हणणाऱ्या वहिनींना पाच मिनिटांनी तहान लागली की पुन्हा पेल्याकडे बोट. शिकवणाऱ्या बाईनं स्पष्ट सांगितलं, "ही आरडाओरड चांगली आहे. पण टीव्ही बंद असताना, समोरच्या माणसाला उद्देशून एक शब्द आला पाहिजे. तो आला तर पुढं वाट आहे." आणि तो येत नव्हता. चावीवाल्यानं काय करावं? टीव्ही बंदच करायचा नाही असं ठरवलं. दुकान दुपारीच बंद व्हायला लागलं. मी, इस्त्रीवाली, सगळेच दमलो. तिच्या टेबलावर कपड्यांचे ढीग साचले, लोक चुरगळलेले शर्ट घालून कामावर जायला लागले. तरी तो म्हणायचा, "आणखी एक डाव. एकच." त्या 'एकच'ला शेपूट फार लांब असायचं. टीव्ही बंद करताना तो वहिनींच्या तोंडाकडे असा बघायचा की आपणच मान फिरवावी.

अशातच एके दिवशी इस्त्रीवालीला ताप होता आणि गाडीची किल्ली हरवलेला एक गृहस्थ चौथा म्हणून आला. माणूस वाईट नव्हता, हसरा होता. बेडूक पडला, वहिनी ओरडल्या, "मेल्या!" गृहस्थाला भारी मजा वाटली. त्यानं मोबाइल काढला, वहिनींच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाला, "आजी, पुन्हा एकदा म्हणा ना! मेल्या! म्हणा, म्हणा!" आणि पुढच्या डावात त्यानं मुद्दाम बेडकालाच गाठलं. एकदा, पुन्हा, पुन्हा.

वहिनींनी खेकडा उशीवर ठेवला. हळूच ठेवला. तोंड भिंतीकडं केलं.

मी त्या गृहस्थाला दंडाला धरून बाहेर काढलं. परत आलो तर चावीवाला जमिनीवर बसलेला. म्हणाला, "आजोबा, 'पुन्हा पाडा तिला' असं मीच पहिल्यांदा म्हणालो होतो. मी तरी वेगळं काय करतोय?" मी त्याला हाताला धरून पलंगावर बसवलं.

त्यानंतर वहिनींनी खेकड्याला हात लावला नाही. शिकवणाऱ्या बाईचीही चित्रं बघेनात. मी जायचो, विनोद सांगायचो, माझेच विनोद माझ्याच कानावर आपटायचे. एका संध्याकाळी दारातून पाहिलं तर चावीवाला एकटाच खेळत होता. यंत्राची तीन जनावरं घेतलेली, आवाज मोठ्ठा केलेला. साठीचा माणूस, कपाळावर घाम, डुक्कर पळवतोय, पाडतोय आणि प्रत्येक पडण्याला वळून बायकोच्या पाठीकडं बघतोय. स्वतःच ओरडायचा, "अरे मेल्या! मेलो की गं! बघ, मेलो!" त्याला नीट ओरडताही येत नव्हतं. त्या आवाजाला ती सवयच नव्हती. वहिनींची पाठ हलली नाही. मी आत न जाता तसाच जिना चढलो. आमच्या हिनं विचारलं, "आज लवकर?" मी म्हटलं, "गडी कमी पडले."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाली तापातून उठली आणि सरळ त्यांच्या खोलीत शिरली. मीही मागोमाग गेलो, कारण तिच्या चालण्याचा आवाजच तसा होता. चावीवाला पलंगाच्या कडेला, वहिनी भिंतीकडं तोंड करून.

"ताई, इकडं बघा," ती म्हणाली. "रुसायचं तर त्या मोबाइलवाल्यावर रुसा. या माणसावर कशाला?"

पाठ तशीच.

"हा माणूस तुमच्यासाठी रोज मरतो, ठाऊक आहे का?"

चावीवाला उठला. "ए, गप्प बस."

"का गप्प बसू? मला कुणी शपथ घातलेली नाही. ताई, तुमचा बेडूक पडला की याचं डुक्कर मुद्दाम खाली उडी मारतं. दर वेळी! तुम्ही एकट्या बसू नये म्हणून. आणि आम्हाला वाटतं, दादांना खेळ येत नाही. आजोबांनी तर किती चिडवलं त्यांना!"

वहिनी वळल्या. आधी इस्त्रीवालीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी मान खाली घातली, म्हणजे साक्ष दिलीच. मग नवऱ्याकडं. त्यानं कानस शोधायला हात फिरवला, पण कानस दुकानात होती.

वहिनींनी डाव्या हातानं उशीवरचा खेकडा उचलला.

आम्ही आपापल्या जागी बसलो. डाव सुरू झाला. माझा बोका, इस्त्रीवालीची कोंबडी, कुणाचंच लक्ष खेळात नव्हतं, तरी सवयीनं हातोडे पडत होते. पहिल्याच मोठ्या फटीशी बेडूक गेला. वहिनी ओरडल्या नाहीत. त्यांनी नजर डुकरावर रोखली. नुसतं डुक्कर. चावीवाल्याला ते दिसत होतं. डुक्कर गच्चीच्या मधोमध उभं राहिलं. पुढं पळावं की थांबावं, त्याला कळेना. मागून शहर कोसळत आलं, इस्त्रीवाली ओरडली, "दादा, पळा!" आणि डुक्कर कडेला गेलं, क्षणभर थांबलं आणि खाली उडी मारली.

वहिनींनी खेकडा टाकून दिला. खुर्चीच्या हातावर टीव्हीचा रिमोट होता, तो डाव्या हातानं उचलला आणि टीव्ही बंद केला. माझा बोका हवेतच राहिला.

वहिनी नवऱ्याकडं वळल्या. ओठ हलायला लागले. शब्द शोधायला गेले, परत आले, पुन्हा गेले. चावीवाला हलला नाही. मदत करायला 'म… म…' म्हणाला नाही. इस्त्रीवालीनं माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी काळानिळा पडला. वहिनींच्या मानेच्या शिरा ताणल्या. डावा हात उचलून त्यांनी नवऱ्याच्या गुडघ्यावर एक थापट मारली, जोरात, जुन्या वेळेसारखी.

"तुम्ही…" त्या म्हणाल्या.

थांबल्या. धाप लागली होती.

"तुम्ही… मुद्दाम… मरता." आणखी एक थापट. "नाही… चालणार!"

चावीवाल्याच्या तोंडावरून पाणी वाहत होतं आणि त्याला ते पुसायचं सुचत नव्हतं. त्यानं तिचा तो डावा हात दोन्ही हातांत धरला. आयुष्यभरात मी त्याच्या तोंडून एका दमात एवढं ऐकलेलं नाही, म्हणून जसंच्या तसं सांगतो. तो म्हणाला:

"नाही मरत! शप्पथ, एकदाही नाही मरत आता! पण अगं, टीव्ही बंद आहे, बघ ना, टीव्ही बंद आहे आणि तू माझ्याशी भांडतेयस… थांबू नको, आणखी भांड!"